नऊ नंबरची जागा

नागपूर,
दि. ७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

ढाक्याचा सामना संपल्यावर बाबा न जेवताच झोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, भारताचा फुटबॉल सामना यापुढे पाहणार नाही, असे त्यांनी दादाला जाहीरपणे सांगितले, हे आईकडून कळले. फोनवर मी हा विषय काढला की बाबा पुण्यातल्या थंडीची चौकशी करू देतात, पण फुटबॉलवर बोलू देत नाहीत. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमचा राग अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. १८ नोव्हेंबरला अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनने केलेला गोल उरलेल्या जवळजवळ ऐंशी मिनिटांत आपल्याला फेडता आला नाही, आणि २००३ नंतर प्रथमच आपण बांगलादेशाकडून हरलो. त्याच्या महिनाभर आधी मडगावात छांगटेने आघाडी मिळवून दिल्यानंतरही सिंगापूरने दोन गोल करून आपल्याला २०२७ च्या आशिया चषकाच्या बाहेर काढले. जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत ९९ वा असलेला संघ आज १४२ वा आहे. हे सगळे खरे आहे. परंतु 'पोरांत दमच उरलेला नाही' हे तुमचे निदान मात्र मला पटत नाही. सिंगापुरात झिंगन लाल कार्ड घेऊन बाहेर गेल्यावर जवळजवळ संपूर्ण उत्तरार्ध दहा जणांनी खेळून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधून दिली, ती दमाशिवाय होत नाही. आपल्याकडे कमी आहे ती नऊ नंबरची, म्हणजे गोलासमोर उभे राहून चेंडू जाळ्यात घालणाऱ्या माणसाची.

६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध आपला कर्णधार सुनील छेत्री निवृत्त झाला तेव्हा आपण तिघेही रडलो होतो. आई तर सामना न पाहताच रडली होती. तोवर त्याचे ९४ गोल झाले होते. पुढच्या मार्चमध्ये त्याला परत बोलावण्यात आले आणि शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने ९५ वा केला, तेव्हा तुम्ही मला रात्री फोन करून, 'बघ, म्हातारं हाड आहे,' असे म्हणाला होतात. मला त्या रात्री आनंद झाला नाही, हे आज कबूल करते. दोष छेत्रीचा नव्हताच. त्या मोसमात इंडियन सुपर लीगमध्ये त्याने १४ गोल केले होते, आणि तेवढे दुसऱ्या एकाही भारतीयाने केले नव्हते. चाळिशीतला माणूस जर देशातला सर्वांत चांगला गोल करणारा ठरत असेल, तर बाकीची पोरे कुठे गेली, हा प्रश्न त्याच वेळी विचारायला हवा होता. त्याचे उत्तर फार अवघड नाही. लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात, आणि ज्या क्लबला पुढच्या शनिवारी जिंकायचे आहे तो त्यांपैकी एकाला सहसा सर्वांत पुढेच उभा करतो. मग लहानपणापासून पुढे खेळलेला आपला मुलगा बगलेवर सरकतो किंवा बाकावर बसतो, आणि देशाचा संघ निवडायची वेळ आली की सगळेच बगलेवरचे सापडतात.

बाबा, हे तुम्हाला मी सांगावे असे नाही. तुम्ही स्वतः अडतिसाव्या वर्षापर्यंत खात्याच्या संघातून पुढे खेळत होतात. तुमच्या मागचा राखीव मुलगा तीन मोसम बाकावर बसला आणि चौथ्या मोसमात आलाच नाही, ही गोष्ट तुम्हीच मला कामठीहून परत येताना सांगितली होती. स्वतःला दोष देणारे एक वाक्यही तुम्ही बोलला नव्हतात, पण विषय मात्र तुम्हीच काढला होतात.

खालिद जमीलविषयी तुमचे मत वाईट झाले आहे, असे दादा म्हणतो. ऑगस्टमध्ये तो आला तो तेरा वर्षांनंतरचा पहिला भारतीय प्रशिक्षक म्हणून. ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणारा हाच माणूस. ऑगस्टच्या अखेरीस थोड्याशा सरावावर त्याच्या संघाने मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर हरवले आणि सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. त्याच्या आधीचे मार्केझ एकाच वेळी गोव्याचा क्लबही सांभाळत होते; दोन घरचा पाहुणा उपाशी, तशीच आपली गत झाली. माझे मत विचाराल तर पुढची पात्रता फेरी पूर्ण होईपर्यंत, मधल्या काळात कितीही सामने हरले तरी, जमीलला हलवू नये.

मला खरी काळजी वाटते ती लीगची. फुटबॉल महासंघाचा लीग चालवणाऱ्या कंपनीशी असलेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार या महिन्यात संपतो आहे, नव्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि डिसेंबर उजाडला तरी मोसम सुरू झालेला नाही. सामनेच नसतील तर नऊ नंबर तयार होणार कुठे?

तरीही गेल्या रविवारी जे पाहिले त्यामुळे माझी झोप उडाली, आणि ती आनंदाने. अहमदाबादेत आपल्या सतरा वर्षांखालील मुलांना इराणला हरवल्याशिवाय आशिया चषक गाठता येणार नव्हता. इराणने पहिला गोल केला, मध्यंतरापूर्वी डल्लालमुओन गंगतेने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि उत्तरार्धात गुनलैबाने दुसरा गोल केला. इराणला, बाबा! ही मुले २००९ किंवा त्यानंतर जन्मलेली आहेत. २०२७ नंतरच्या आशिया चषकाच्या वर्षी, म्हणजे २०३१ साली, ती बाविशीची असतील. मी संघाचे भविष्य मोजते ते त्या वर्षाकडे बघून. २०२७ चे दुःख मी केव्हाच बाजूला ठेवले आहे.

आई, तुझ्यासाठीही एक बातमी आहे. जुलैमध्ये चिआंग माईला संगीता बासफोरच्या दोन गोलांवर आपल्या मुलींनी थायलंडला हरवले आणि पात्रता फेरी खेळून प्रथमच आशिया चषक गाठला. वीस वर्षांखालील मुलीही वीस वर्षांनंतर त्यांच्या आशिया चषकात पोचल्या आहेत. मोठ्या मुलींचे सामने मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आहेत, आणि पहिला व्हिएतनामशी आहे. बाबांची शपथ पुरुषांच्या संघापुरतीच होती, असे मी धरून चालते.

इकडे सर्व ठीक आहे. उद्यापासून अधिवेशन असल्यामुळे सिव्हिल लाइन्सकडे फिरकायची सोय राहणार नाही. शेजारचे काका शुक्रवारी पुण्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर आंबिया बहाराची एक पेटी संत्री पाठवीत आहे.

शेवटी एक काम आहे. तुमचा नातू आता अकरा वर्षांचा झाला आहे आणि रविवारी सकाळी मी त्याला स्कूटरवरून कामठीला खेळायला नेते. अंगाने मोठा म्हणून त्याला मागे बचावात उभे करत होते. त्याने हट्टाने नऊ नंबरचा शर्ट मागून घेतला आहे. गोलाकडे पाठ करून, अंगावर बचावपटू असताना, चेंडू पायाखाली कसा थांबवायचा हे मोबाइलवर पाहून त्याला जमत नाही, आणि मला तर ते कधीच जमले नव्हते. 'आजोबांना विचारू,' असे तो रोज म्हणतो. गुडघा फार दुखत नसेल तर संक्रांतीच्या आधी आठ दिवसांसाठी या. खुर्ची मी मैदानावर घेऊन जाईन.

तुमची,
धाकटी