काकांच्या मेसेजवरून

प्रिय बाळा,

काकांनी तुला पाठवलेला मेसेज वाचला. ‘आईबापांनी लहानपणी ढील दिली, म्हणून मुलगी व्हायचं खूळ डोक्यात शिरलं,’ हे त्यांचं निदान. बाबा, तुम्हालाही तसंच वाटतं का, असं तू विचारलंस. नाही वाटत. का नाही, ते जरा सविस्तर सांगतो.

आईबापांचा मुलांवर परिणाम होत नाही, असं नाही हं. चित्रकला सोडून तू अकाउंट्सला गेलीस त्यात माझा हात होता, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. स्वतःच्या पायावर उभी आहेस. ब्रश काही कुणी काढून घेतलेला नाही.

२००० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. अकरा महिन्यांच्या बाळांच्या आयांना एक उतरती वाट दिली, तिचा चढ-उतार कमीजास्त करता येत होता. आपलं बाळ किती उतारावरून रांगत येईल, तेवढा उतार लावून दाखवायचा. मुलग्यांच्या आयांनी अंदाज वाढवून धरला, मुलींच्या आयांनी कमी. मग बाळांना सोडलं, तर मुलगे आणि मुली अगदी सारखेच निघाले! त्या आयांच्या मायेत काही खोट नव्हती. पण कशाला ‘जा’ म्हणायचं आणि कशाला ‘पडशील’, हे असं नकळत ठरत जातं. मुलाचे छंद, धीटपणा, पुढे कामधंदासुद्धा त्यातून थोडाफार घडतो. इथवर काकांचं बरोबर आहे.

याच्या पुढे मात्र आमचा हात पोचत नाही. कॅनडात १९६५ साली जन्मलेल्या डेव्हिड रायमरची गोष्ट काकांना वाचायला देणार आहे. तान्हेपणी सुंता करताना त्याला कायमची इजा झाली. जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने आईबापांनी त्याला मुलगी म्हणून वाढवलं: नाव मुलीचं, फ्रॉक, बाहुल्या, पुढे औषधंही. यापेक्षा जास्त संस्कार कुठले आईबाप करणार? तरी ते मूल त्यात कधी रमलं नाही. चौदाव्या वर्षी खरं कळलं आणि तो मुलगा म्हणून जगू लागला. फार सोसलं त्याने. २००४ साली त्याने आयुष्य संपवलं. एका माणसावरून सगळ्यांचा नियम काढू नये, हे मलाही कळतं. पण जे एवढ्या जोराने लादून झालं नाही, ते आमच्या ढिलाईने होईल?

ढिलाईचं श्रेय घ्यायला मला आवडलंच असतं म्हणा. फार तर एवढं झालं असेल, की तुला घरात सांगायची भीती कमी वाटली.

काकांशी मी बोलतो, तू उत्तर देत बसू नकोस. आणि विम्यात नॉमिनी म्हणून अजून तुझं जुनंच नाव आहे. नवीन नाव कागदोपत्री झालं की त्याची प्रत पाठव, म्हणजे फॉर्म भरून टाकतो.

तुझा,
बाबा