तिकिटं रद्द केली आहेत, रागावू नका

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बरं बरं, ठेव" म्हणून मोकळे झाला असता आणि आईनं फोन घेऊन "जेवलीस का?" विचारलं असतं. म्हणून लिहिते आहे. मुंबईला माझ्या पियानोच्या कार्यक्रमाला यायची तुमची महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं मी काल रद्द केली. जातानाची आणि परतीचीही. दादाला माहीत आहे, पण त्याच्यावर चिडू नका, त्याला मीच गप्प बसवलंय.

रात्रभराचा प्रवास, सकाळी सीएसएमटीच्या गर्दीत उतरायचं, माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचा डावा गुडघा देवघराच्या पायरीलाही कुरकुरतो. बाबा, मार्चमध्ये तुम्हाला दोन स्टेंट बसलेत. कार्यक्रम संध्याकाळचा, म्हणजे जेवायला दहा वाजणार, गोळ्यांची वेळ चुकणार. डॉक्टर "जाऊ देत की" म्हणाले हे मला ठाऊक आहे. परवा मीच त्यांना फोन केला होता, नाही म्हणतील या आशेनं. तरीही नको.

आई, माझी काळजी करू नकोस. डबा लावलाय, भाकरी मिळते, फक्त इथं ठेचा म्हणून जे देतात त्याला आपल्याकडं चटणीसुद्धा म्हणणार नाहीत. शाळेची नोकरी सोडून दीड वर्ष झालं, पण शिकवण्या आहेत, परीक्षांच्या दिवसांत व्हायोलिनच्या मुलांना साथ करते, भाडं थकलेलं नाही. दिवसा तासाच्या भाड्यानं खऱ्या पियानोवर बसते. रात्री कानाला हेडफोन लावून डिजिटलवर. खालच्या काकूंना फक्त पट्ट्यांची ठकठक ऐकू येते. "एवढ्या रात्री काय कांडत होतीस?" म्हणून त्यांनी एकदा विचारलं. "मी येतो" म्हटलं की अजूनही सगळे हसतात. हसू देत, कोल्हापूरची पोरगी येतोच म्हणणार.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत की दीड तास एकटीच वाजवणार, ना तबला, ना तानपुरा, मग लोक ऐकतात काय? लिस्ट या पियानोवादकानं १८४० साली लंडनच्या जाहिरातीत या प्रकाराला 'रिसायटल' हा शब्द वापरला तेव्हा तिथले लोकही बुचकळ्यात पडले होते, पियानोवर पठण कसं करणार म्हणून! आधी बाखची एक पार्टिटा, म्हणजे नाचाच्या चालींची मालिका, मग बीथोवनचा एकशेदहावा ओपस, म्हणजे त्या क्रमांकाची रचना, मध्यंतरानंतर शूबर्टचा शेवटचा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची लांब रचना. शूबर्टनं तो १८२८ च्या सप्टेंबरात पुरा केला आणि नोव्हेंबरात तो गेला, वय एकतीस. सुरुवात अगदी शांत आहे, भजनासारखी. आठव्या मापात, म्हणजे आपल्या आवर्तनासारखं समजा, डाव्या हाताला खालच्या सुरांत एक कंप येतो. माळ्यावर कुणीतरी ट्रंक सरकवावी तसा. वर सगळं छान चाललेलं असताना. तो कंप हळू आवाजात वाजवणं हे अख्ख्या कार्यक्रमातलं सगळ्यात अवघड काम आहे, जलद बोटांचं काम त्यामानानं सोपं.

"मींड निघत नाही ती कसली पेटी" हे तुमचं म्हणणं मान्य, पियानोवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. आपण अल्लादिया खाँसाहेबांच्या गावचे, म्हणणारच. पण ती पियानोची पेटी आणली तुम्हीच, १९९४ साली, मिरजेच्या बंगल्यातून, आईच्या पाटल्यांबद्दल आपण बोलायचं नाही असं ठरलंय ते आजही पाळते. मार्केट यार्डातले सहा हमाल आले होते. गुळाचे रवे खेळण्यासारखे फेकणारी माणसं, पण जिन्याच्या वळणावर टेकली आणि एक जण म्हणाला, "मालक, आत लोखंड भरलंय काय?" लोखंडच होतं की. सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून पंधरा-वीस टनांचा ओढा, तो लाकडाला कुठला पेलणार? म्हणून आत ओतीव लोखंडाची चौकट. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि मला स्टुलावर उचलून ठेवलंत. माझे पाय लोंबकळत होते. तुम्ही खाली बसून माझे तळवे हातात धरले होते, थंड पडले म्हणून.

आता खरं कारण. जिना, गुडघा, स्टेंट, सगळं खरं आहे, पण त्यामुळं तिकिटं रद्द केली नाहीत.

२००९ मध्ये पुण्याला तुम्ही पहिल्या रांगेत होतात. बाखचा फ्यूग चालला होता, एकच धून एकामागून एक आवाजांत येते तो प्रकार. दुसरा आवाज येतो तिथं मी किंचित रेंगाळले, आणि तुमची मांडीवरची थाप पुढं निघून गेली. ती मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. मी तिच्या मागं धावले आणि बोटं पुढचं विसरली. थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रिक्षात तुम्ही काही बोलला नाहीत. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणालात, "पोरगी घाबरली." घाबरले नव्हते बाबा. तुमच्या लयीत राहायला बघत होते.

तुमची लय चूक नव्हती. भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाची लय कशाला चुकेल? पण हे संगीत मधेच श्वास घेतं, आणि तो कुठं घ्यायचा हे त्या संध्याकाळी मला एकटीलाच ठरवायचं आहे. तुम्ही समोर असलात की मी तुम्हाला विचारूनच श्वास घेते. एकोणचाळिसाव्या वर्षीसुद्धा. आता हे वाचून खिडकीशी जाऊन उभे राहू नका. आई, त्यांना चहा दे. बिनसाखरेचा.

बीथोवनच्या त्या ओपसात रडण्यासारखा एक भाग दोनदा येतो. दुसऱ्यांदा वर लिहिलंय: थकून. मग तोच एक जी मेजरचा कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले सूर, दहा वेळा, प्रत्येक वेळी थोडा मोठा, आणि पुढं फ्यूग उलटा होऊन परततो, त्यावर लिहिलंय: हळूहळू पुन्हा जीव येत. त्यानं हे १८२१ साली लिहिलं, काविळीतून उठून, कान गेलेले असताना. मार्चमध्ये आयसीयूबाहेरच्या बाकावर मी ते दहा कॉर्ड गुडघ्यावर वाजवत बसले होते. आईला वाटलं मी जप करते आहे. मी तसंच वाटू दिलं.

गौरीला येते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले की अख्खा कार्यक्रम घरी वाजवणार, मध्यंतरासकट. बाबा आरामखुर्चीत, आई दाराशी, म्हणजे कुकरवर लक्ष राहील. तेव्हा मांडीवर खुशाल ठेका धरा. मुंबईचं रेकॉर्डिंग दादा लावून देईल, पण ते सगळं संपल्यावर. त्या संध्याकाळी फोन करू नका, मीच करीन.

तोवर: रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात, कपाटात नव्हे. गंगावेशीतलं धारोष्ण दूध बंद म्हणजे बंद, अर्धा ग्लाससुद्धा. पांढरा रस्सा "पांढरा आहे, सौम्य असतो" हे मला सांगू नका. आई, डोळ्यांतले थेंब आडवी होऊन घाल. रंकाळ्यावर फिरायला पाऊस थांबल्यावरच जा, आणि दोघं मिळून.

तुमची,
धाकटी

ता. क. पियानोच्या खालच्या फळीमागचा बल्ब पावसाळाभर चालू ठेवा. जुना पिवळाच हवा. दादा एलईडी बसवील, त्याला ऊब नसते. मधली एक पट्टी चिकटते, ती ट्यूनर आला तरी मी येईपर्यंत त्याला काढू देऊ नका, मागच्या वेळी त्यानं घासून सैल केली होती.