बाबांना पत्र, उट्रेख्तहून

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे नक्की करतोस तरी काय?" मी "सॉफ्टवेअर" म्हणून सुटलो, पण नंतर चुटपुट लागली. म्हणून हे पत्र.

कराडच्या दुकानातली उधारीची वही आठवा. नावापुढे तुम्ही लिहायचात, 'पुलापलीकडचे शिंपी', 'पगार ७ तारखेला', 'काळा गूळ चालत नाही'. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते सेल्सफोर्स म्हणजे तशीच वही, फक्त अख्खी कंपनी ती एकदम उघडते. छापील वही तयार मिळते, पण शिंप्याचा रकाना तीत नसतो. तो आखून देणं हे माझं काम.

या महिन्यात आडनावांनी जीव खाल्ला. इथे नेदरलँड्समध्ये 'फान डेन बेर्ख' हे आडनाव यादीत 'ब'खाली लागतं, पुढचं 'फान डेन' धरायचंच नाही. शेजारच्या बेल्जियमात मात्र ते 'फान'पासूनच लावतात! आमची गिऱ्हाइकं दोन्हीकडची. मग त्या तुकड्याला वेगळा रकाना काढला आणि देश बघून क्रम ठरवणारा ट्रिगर लिहिला. ट्रिगर म्हणजे नोंद जतन होताना आपोआप चालणारा कोड.

इथे माती खाल्ली. निदान ७५ टक्के कोड चाचण्यांखालून गेल्याशिवाय तो चालू वहीत चढवता येत नाही. माझा सगळा गेला होता, पण चाचणीत गिऱ्हाईक एकच! जुन्या नोंदी भरायला घेतल्या, त्या २००-२०० च्या गठ्ठ्याने येतात, आणि मी प्रत्येकामागे देश विचारायला डेटाबेसकडे धावत होतो. सर्व्हर अनेक कंपन्यांत वाटलेला, म्हणून एका दमात १०० च फेऱ्यांची मुभा. एकशे एकाव्या फेरीला सगळा गठ्ठा परत.

तुमचा आवाजच ऐकू आला, "एकेका पुडीसाठी गोदामात काय पळतोस? यादी कर, एकदाच जा!" तेच केलं. आधी गठ्ठ्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या कंपन्यांची यादी, मग त्यांचे देश विचारायला एकच फेरी. साहेबाला म्हटलं, हे वडिलांनी शिकवलंय. त्याला ती थाप वाटली.

आईला सांगा, थंडी सोसवतेय, लोणचं महिनाभर पुरेल.

आता पुढचं काम एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी शोधायचं. आपल्या वहीत एका नावाचे तीन पाटील होते ना? त्यांची उधारी एकमेकांत जाऊ नये म्हणून काय लिहायचात? जमलं तर त्या पानाचा फोटो पाठवा.

तुमचा,
मनोज