मंत्रीमहोदय, गर्भाशयाच्या वर हृदयही असतं

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या मुलींच्या हृदयाची जोखीम कुणीही तपासत नसल्याबाबत.

सस्नेह नमस्कार.

महिला दिनाच्या कार्यक्रमात आमच्या तालुक्यात व्यासपीठावरून घोषणा झाली, की दर सोमवारी सरकारी दवाखान्यात मुलींसाठी पीसीओएसची ओपीडी चालेल. टाळ्या पडल्या. गेल्या सोमवारी मी सतरा वर्षांच्या भाचीला घेऊन गेले. तिला चार-चार महिने पाळी येत नाही, हनुवटीवर केस, मान काळवंडलेली. खिडकीवरून उत्तर मिळालं, "सोमवारी फक्त गरोदर बायका. हिचं लग्न झालं की या."

आपण व्यग्र असता, म्हणून थोडक्यात लिहिणार होते. जमेलसं दिसत नाही.

मी ४१ वर्षांची, पतसंस्थेत रोखपाल. कॉलेजात असताना माझंही निदान हेच आणि सल्लाही हाच. लग्न झालं. मूल राहीना, मग गोळ्या, इंजेक्शनं, सोनोग्राफ्या. शेवटी मूल झालं आणि माझी फाइल बंद झाली. एवढ्या वर्षांत बीजकोशावरच्या गाठी सगळ्यांनी मोजल्या, कोलेस्टेरॉल एकानेही तपासलं नाही. मानेवरचा काळेपणा म्हणजे शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची खूण असू शकते, हे मला कधी कळलं? हृदयविकाराचा झटका आल्यावर. तोवर सासूबाई म्हणायच्या, नीट घासून अंघोळ करत जा.

झटका यंदाच्या उन्हाळ्यात आला. जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, घामाने साडी भिजली होती. रात्री ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि ह्यांना विचारलं, "घरात काही टेन्शन?" मला नाही विचारलं. ईसीजी निघाला सकाळी. हेच दुखणं ह्यांचं असतं तर पट्टी रात्रीच निघाली असती, पैज लावते. मग शहरातलं हॉस्पिटल, अँजिओप्लास्टी. सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर "पोर्टल बंद आहे" हे ऐकलं आणि पाटल्या गहाण ठेवल्या. स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या, किमतीवर २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली, त्याबद्दल आभार. बिलात स्टेंट तेवढा स्वस्त होता. आणि डिस्चार्ज कार्डावर 'जोखमीचे घटक' या रकान्यात लिहिलंय : काही नाही.

काही नाही कसं, साहेब? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहापैकी एका स्त्रीला पीसीओएस असतो आणि अशा ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताच नसतो. आपल्या राज्याला हे लावून बघा, आकडा लाखांत जाईल, नेमका आपल्याच खात्याने सांगावा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पीसीओएस हा हृदयविकाराच्या जोखमीचा घटक मानावा असं स्पष्ट म्हटलं आहे. निदान होताच रक्तातली चरबी तपासा, रक्तदाब दरवर्षी बघा, साखर एक ते तीन वर्षांनी. एक रक्तदाबाचं यंत्र आणि रक्ताच्या दोन नळ्या. यासाठी कुठलं सुपर स्पेशालिटी लागतं? त्याच्या भूमिपूजनाला मात्र सगळे हजर असतात.

रक्तदाब, साखर, कर्करोगाची आपली सरकारी तपासणी सुरू होते तिशीला. आशाताई फॉर्म घेऊन आल्या. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का. महिनोन्‌महिने पाळी येतच नाही का, हा प्रश्न त्यात नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "वहिनी, मी कुठं लिहू?" त्यांच्यावर राग नाही. त्यांचाच मोबदला थकलेला असतो.

खरं सांगायचं तर आपल्या व्यवस्थेला बाई दिसते ती पोटापुरती. राहिलं का, किती महिने झाले, बाळंतपण कुठं होणार. बीडकडच्या ऊसतोड बायकांची तर गर्भाशयाची ती पिशवीही कामात अडचण ठरली. २०१९ मध्ये सरकारच्याच समितीपुढे गर्भाशय काढलेल्या १३ हजारांवर बायकांची नोंद आली. कोवळ्या वयात पिशवी काढली, त्यातही बीजकोश गेले, तर हृदयाचा धोका वाढतो. त्यांच्या हृदयांची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे? उपकरातून, करातून, पेट्रोलमधून आमच्याकडून वसुली बरोबर होते. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये शब्द दिला होता, २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२५ कधी आलं नि गेलं, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

मागणं मोठं नाही. सोमवारची ओपीडी सुरू करा, लग्नाची अट न घालता. आशांच्या फॉर्मात एक ओळ वाढवा. पाळी अनियमित असलेल्या मुलीचा रक्तदाब, साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासणी फुकट करा. आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना सांगा, घाम फुटलेल्या बाईचा आधी ईसीजी काढा, तिच्या संसाराची चौकशी मग करा.

त्या ओपीडीसाठी किती डॉक्टर, किती निधी मंजूर झाला आणि आजवर किती मुली तपासल्या, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी कालच टाकला आहे. मुदत तीस दिवसांची असते. भाचीच्या रक्ततपासणीचे पैसे तूर्त मीच भरले आहेत, पावती जपून ठेवली आहे.

आपली,
एक मतदार