सुबाभूळ नुसती तोडून भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की नागपुरात वृक्षलागवडीची तयारी सुरू होते आणि त्याच सुमारास आमच्या भागातील नाल्याकाठी कोणीही न लावलेली सुबाभळीची शेकडो रोपे उगवून येतात. मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ही सुबाभूळ पाणी तुटले की पाने गाळते, म्हणजे आपल्याला सावलीची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ती विरळ होते.

१९७० च्या दशकात मणिभाई देसाई यांच्या ‘बाएफ’ संस्थेने महाराष्ट्रात तिचा प्रसार केला तो चाऱ्यासाठी आणि जळणासाठी. त्या हेतूत खोट नव्हती. बांधावर ती आजही उपयोगी आहे, कारण शेळ्यांसाठी पाला सतत छाटला गेल्याने तिथे शेंगा धरायला उसंतच मिळत नाही. शहरातील मोकळ्या भूखंडावर मात्र छाटणारे कोणी नसते. एकेका शेंगेत पंधरा-वीस बिया पिकतात आणि कठीण कवचामुळे त्या मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुबाभळीचे नाव आहे, ते उगाच नव्हे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ले-आउटमधील सुबाभळी बुंध्यापासून तोडण्यात आल्या. खोडे जागेवरच राहिली, वाळलेल्या शेंगांसह फांद्या महिनाभर तिथेच पडून होत्या, आणि आज त्या जागी पूर्वीपेक्षा दाट रान माजले आहे. शेजारी लावलेली करंजाची तीन रोपे त्यात दबून मेली, याचे फार वाईट वाटते.

शहरात कोणतेही झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. परंतु सुबाभळीसाठी परवानगी देताना तोडणी शेंगा पिकण्यापूर्वी व्हावी, बुंधा मुळासकट काढावा आणि पुढची काही वर्षे रोपे उपटण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवावे, अशी महानगरपालिकेला कळकळीची विनंती आहे. रोपे उपटायची ती पहिल्या दोन पावसांनंतर, काळी माती ओली असतानाच; पुढे सोटमूळ खोल गेले की ती हाताने निघत नाहीत. सगळी झाडे एकदम काढून जागा उघडी करू नये. एक पट्टा मोकळा करून तिथे कडुनिंब, करंज, पळस आणि नाल्याच्या ओलीत अर्जुन लावावा, ती रोपे तगली की मगच पुढच्या पट्ट्याला हात घालावा.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर