विषय: कोळशाची शेगडी कोळशाने तापली म्हणून नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या हेल्पलाइनशी चौथ्यांदा बोलणं झालं. आता फोन नको, लेखी उत्तर हवं. बिल, फोटो आणि वजनकाट्याचा फोटो सोबत जोडला आहे.

मॉडेल तुम्हाला ठाऊक असेलच: ४,२९९ रुपयांची, ६० बाय ३५ सेंटिमीटरची, चार पायांची बार्बेक्यू शेगडी. खोक्यावर ‘हेवी ड्यूटी, १.५ मिमी स्टील’ असं ठसठशीत छापलंय. पत्रा १.५ मिमीचा नाही. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर ०.६ भरतो. व्हर्नियरवर विश्वास नसेल तर काटा घ्या. तळ आणि १५ सेंटिमीटर उंचीच्या चार बाजू मिळून साधारण अर्धा चौरस मीटर पत्रा होतो. दीड मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला पावणेबारा किलो. म्हणजे पाय आणि जाळ्या सोडून नुसतं धड पावणेसहा किलोच्या आसपास भरायला हवं. तुमचं भरतं २ किलो ३०० ग्रॅम. बाकीचे साडेतीन किलो कुठे राहिले ते तुमच्या खरेदी विभागाला विचारा.

तिसऱ्या वापरातच तळाला पोट आलं. येणारच. पातळ पत्रा मध्ये लाल होतो, कडा त्या मानाने गार राहतात, मधला भाग फुगायला जागा शोधतो आणि खाली उतरतो. त्यात कोळशासाठी वेगळी जाळी तुम्ही दिलेलीच नाही. निखारे थेट तळावरच्या राखेच्या ट्रेमध्ये बसतात. कोळसा तळापासून किमान पाच सेंटिमीटर वर हवा, म्हणजे राख खाली झडते, हवा खालून लागते आणि तळ वाचतो. तुम्ही हवेची भोकं पाडलीत ती निखाऱ्यांच्या वर. ती शोभेची असतील तर तसं छापा. खालचा कोळसा घुसमटतो, धूर होतो, माणूस पुठ्ठ्याने वारा घालत बसतो.

पायांचं काय सांगावं! ते अ‍ॅल्युमिनियमच्या रिव्हेटने धडाला मारलेत, तेही निखाऱ्यांच्या रांगेत. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण ताकद त्याच्या कितीतरी आधी सोडतं. एक पाय निखळलाय, दोन हलताहेत. तिथे लोखंडी नट-बोल्ट आणि वॉशर घालायला किती खर्च आला असता?

सगळ्यात गंभीर बाब राखेच्या ट्रेची. ट्रे जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा आहे आणि कोळसा त्याच्यावरच जळतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना त्याची वाफ होते. वारा घातलेला कोळसा तिथवर सहज जातो. जी.आय. पाइपवर वेल्डिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, त्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी कशी हुडहुडी भरून ताप येतो. आणि त्या ट्रेच्या वर वीतभर अंतरावर लोक पनीर आणि चिकन भाजणार.

आता कालचा फोन. अकरा मिनिटं संगीत ऐकवल्यावर तुमच्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, “सर, प्रॉडक्ट कशामुळे डॅमेज झालं?” कोळशामुळे, असं सांगितलं. “कोळसा पेटवला होता का?” हो, पेटवला होता. पलीकडे बराच वेळ कीबोर्ड वाजत राहिला. मग, “सर, हीटमुळे झालेलं डॅमेज वॉरंटीमध्ये कव्हर होत नाही.” ही कोळशाची शेगडी आहे, असं म्हटलं. “हो सर, पण ओव्हरहीट झाली असेल.” किती अंशांपर्यंत चालते, असं विचारलं तर पुन्हा कीबोर्ड. “सर, मॉडरेट हीट.” मग सल्ला मिळाला की पुढच्या वेळी कोळसा कमी घाला आणि मध्ये मध्ये शेगडीला विश्रांती द्या. शेगडीला! त्या मुलाचा दोष नाही, त्याच्यासमोर जे लिहिलेलं होतं ते त्याने वाचलं. ते लिहिलं कुणी, त्याचं नाव मात्र कळवा. भिजणार नाही या अटीवर छत्रीची वॉरंटी देणाऱ्या माणसाला एकदा भेटायचं आहे.

वर तुमचा ईमेल म्हणतो, ‘या किमतीत यापेक्षा चांगला दर्जा शक्य नाही.’ भंगारातला २०० लिटरचा लोखंडी पिंप उभा कापला तर त्याचा गोल पत्रा तुमच्या तळापेक्षा ताठ राहतो. तेल किंवा केमिकलचा नको, आणि आतलं कोटिंग मोकळ्यावर जाळून, घासून काढायचं. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे २ मिमीचा पत्रा वाकवून कोपरे वेल्ड करा, कोळशाखाली एक्सपांडेड मेटलची (चिरून ताणलेल्या पत्र्याची) जाळी टाका, वर एस.एस. ३०४ च्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या ६ मिमी सळया बोटभर अंतराने लावा, २५ मिमीच्या लोखंडी अँगलचे (एल आकाराच्या पट्टीचे) पाय जोडा आणि पायांना आडवी पट्टी मारा. त्याला हेवी ड्यूटी म्हणतात. तुमची वरची जाळी ३ मिमी तारेची, क्रोमचा मुलामा दिलेली. मुलामा सुटून पापुद्रे निघताहेत, फोटो क्रमांक ४ पाहा. रंगही साधा एनॅमल निघाला, ६०० अंशांचा हीट रेझिस्टंट नव्हे. पहिल्याच पेटवणीत फोड आले. आणि पत्रा ०.६ आहे, हे पुन्हा लिहितोय, कारण चार फोनमध्ये त्याची एकदाही नोंद झालेली नाही.

तुमच्या कंपनीची बिडाची शेगडी लोक वर्षानुवर्षं वापरतात. त्या नावावर ही घेतली, हे जास्त लागलंय.

पूर्ण रक्कम परत करा आणि जी.आय. ट्रेचं मॉडेल विक्रीतून काढा. बदली शेगडी नको, तीही ०.६ चीच असेल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. या कायद्याप्रमाणे तक्रार माझ्याच जिल्ह्यात करता येते, तेव्हा तारखांना प्रवास तुम्हाला पडेल.

एक तक्रारदार ग्राहक

ता.क. शेगडी न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला ती पायाला धरून उचलू नको म्हणून सांगा. हातात पाय येईल.