दुहेरीलाही जागा द्या

रोहन बोपण्णाने गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, २०२५ साली, टेनिसमधून निवृत्ती घेतली. त्याच्या कारकिर्दीच्या मानाने ती बातमी फारच आटोपशीर छापून आली, याचे मनापासून वाईट वाटले. दुहेरी म्हणजे दुय्यम, हा समज आपण कधी सोडणार?

कूर्गच्या या खेळाडूच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. चालतानाही वेदना होत. त्याला आधार दिला तो अय्यंगार योगाने, ज्याचे माहेरघर आपले पुणे. त्या गुडघ्यांवर त्याने जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मॅथ्यू एब्डेनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि दुहेरीत जगात पहिला क्रमांक मिळवला. पुरुष दुहेरीतले हे त्याचे पहिलेच ग्रँडस्लॅम! त्याआधी २०१७ मध्ये फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झासोबत थोडक्यात हुकलेले पदक. तो चौथा क्रमांक आजही सलतो.

२०१९ मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन स्पर्धेत त्याला दिविज शरणसोबत विजेतेपद मिळवताना मी पाहिले. त्याच्या सर्व्हिसचा आवाज वरच्या रांगेपर्यंत खणखणीत यायचा. गुण गेला तरी लगेच जोडीदाराच्या हातावर टाळी. शेजारी बसलेली माझी पुतणी चेंडूपेक्षा त्या टाळ्याच मोजत होती.

ती स्पर्धा २०२३ नंतर पुण्यातून गेली. ती परत आणण्यासाठी राज्य सरकारने आणि टेनिस संघटनेने प्रयत्न करावेत आणि आपल्या क्रीडा पानाने त्याचा पाठपुरावा करावा, ही कळकळीची विनंती.

– एक टेनिसप्रेमी, पुणे